विज्ञानकथा लिहिणाऱ्याला दुसरं पुस्तक लिहू द्या

20 मे 2025 रोजी जयंत नारळीकर गेले आणि नंतरचे कितीतरी दिवस मराठी वाचक त्यांच्याविषयी भरभरून लिहीत होते. कुणी पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या व्याख्यानांची आठवण काढली. कुणाला स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना 'पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन' असं सांगणारे नारळीकर आठवले. शाळेच्या वाचनालयातून आणलेलं 'यक्षांची देणगी' एका बैठकीत संपवल्याचं तर अनेकांनी लिहिलं. हे प्रेम खरं होतं. पण ते वाचताना एक प्रश्न मनातून जाईना. यांतल्या किती जणांनी त्यानंतर दुसऱ्या कुणा मराठी लेखकाची विज्ञानकथा विकत घेऊन वाचली असेल?

आपण या साहित्यप्रकाराला मान देतो, पण वाचत नाही. एका मोठ्या शास्त्रज्ञाने लिहिलं म्हणून विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली, त्या शास्त्रज्ञाला 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, आणि तिथेच आपलं कर्तव्य पार पडलं असं आपण धरून चाललो. आज तिशी-चाळिशीत असलेला, दिवसा नोकरी करून रात्री विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहिणारा लेखक मात्र एकटा आहे. त्याला आधार द्यायचा तो आत्ता, पहिल्या पुस्तकानंतर दुसरं लिहावं की नाही या विचारात तो असताना. नंतरच्या हारतुऱ्यांनी पुस्तकं लिहून होत नाहीत.

1974 सालची एक हकिकत अनेकांना ठाऊक आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' नावाची कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली होती आणि हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. आपण ही गोष्ट नारळीकरांचा मिश्कीलपणा म्हणून सांगतो. मला तिच्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. 1966 साली स्थापन झालेली, कार्यकर्त्यांच्या बळावर चालणारी एक संस्था विज्ञानकथेची स्पर्धा घेत होती. आलेली प्रत्येक कथा तिथे कुणीतरी नीट वाचत होतं. आणि ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा एका जगतापांना पहिलं बक्षीस देण्याची परीक्षकांची तयारी होती. ते दार उघडं नसतं तर नारळीकर थोर खगोलशास्त्रज्ञ झालेच असते. कथाकार झाले असते की नाही, याची खात्री देता येत नाही.

त्या काळात हे दार बऱ्यापैकी उघडं होतं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे ही नावं एकामागून एक आली. कारण मासिकं कथा मागत होती, दिवाळी अंकांना त्या हव्या होत्या आणि वाचक पत्रं पाठवत होते. 1993 साली नॅशनल बुक ट्रस्टने भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. त्याचे संपादक फोंडके होते आणि त्यात मराठी कथांचा वाटा ठळक होता. त्याआधीही पाया होताच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, नारायण धारपांनी भयकथेबरोबर विज्ञानकथाही लिहिल्या. हे एका माणसाचं कर्तृत्व नव्हतं. लेखक, संपादक आणि वाचक यांची ती एक चालती वहिवाट होती. आज मासिकं बहुतांशी मिटली आहेत, दिवाळी अंक वर्षातून एकदाच येतो, आणि या वहिवाटीचा भार जवळजवळ पूर्णपणे वाचकावर येऊन पडला आहे.

या सगळ्याची गरज काय, असं कुणी विचारेल. विज्ञान शिकायला विज्ञानाची पुस्तकं आहेत आणि करमणुकीला हवं ते आहे. विज्ञानकथा म्हणजे साखरेत घोळवलेली विज्ञानाची गोळी, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे आणि तिने या प्रकाराचं मोठं नुकसान केलं आहे. गोळी म्हटली की ती मुलांसाठी आणि घेऊन झाली की विसरायची. म्हणून विज्ञानकथांची पुस्तकं कित्येक वाचनालयांत बालविभागात सापडतात, आणि मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या लेखकाला मोठा वाचक भेटतच नाही.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पाहा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. विश्वासराव गोळीतून थोडक्यात वाचले आणि तिथून इतिहासाने दुसरं वळण घेतलं. ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत आहे, पण देशावर तिचं राज्य नाही. पंत ग्रंथालयात बसून स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात आणि त्यांत त्यांना न घडलेला इतिहास सापडतो. पानिपतावर मराठीत किती लिहिलं गेलं आहे! बखरी, पोवाडे, नाटकं, कादंबऱ्या. या सगळ्यांनी 14 जानेवारी 1761 चं दुःख सांगितलं. पण त्या दिवशी जे घडलं ते घडणं अटळ होतं का, एका गोळीचा नेम चुकला असता तर आपण आज कोण असतो, हा प्रश्न एका विज्ञानकथेने इतक्या मोकळेपणाने विचारला, कारण तो विचारायची सोय या प्रकाराच्या घडणीतच आहे. ऐतिहासिक कादंबरीकाराचे हात घडलेल्या घटनांनी बांधलेले असतात. हीच कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आली आणि देशभरातल्या मुलांनी ती अभ्यासली. मराठी विज्ञानकथा किती लांब जाऊ शकते याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

आजचे प्रश्न तर अशा कथेची वाटच पाहत आहेत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या फेरीत 5 लाख लिटर. एक शहर आगगाडीने आलेल्या पाण्यावर जगतं, ही गोष्ट 1980 साली कुणी लिहिली असती तर तिला विज्ञानकथाच म्हटलं असतं. बातमीने आपल्याला आकडे दिले, अग्रलेखांनी ऊस आणि धरणांची चर्चा केली, आणि पाऊस पडल्यावर विषय मागे पडला. त्या गाडीचं रोजचं वेळापत्रक झालेलं असेल तेव्हा गावातल्या सोयरिकी कशा जुळतील, पाण्याच्या टाकीवर पहारा कुणाचा असेल, कोणत्या जातीची वस्ती रांगेत शेवटी असेल, हे लिहायला कल्पना लागते आणि त्या कल्पनेला जलविज्ञानाची, अर्थकारणाची, गावाची पक्की माहिती लागते. मुंबईच्या किनाऱ्याचं, यंत्राने दिलेल्या निकालांचं, गर्भाच्या जनुकांत केलेल्या बदलांचंही तसंच आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो आपल्या भाषेच्या जुनेपणाचा गौरव आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण पुढच्या शंभर वर्षांची चिंता आणि स्वप्नं मराठीत कुणी मांडणार असेल, तर तो हाच लेखक.

अद्भुतकथेची अडचण थोडी वेगळी आहे. आपल्याला अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं. वेताळपंचविशीपासून 1868 सालच्या 'मंजुघोषा'पर्यंत आणि पुढे जी. ए. कुलकर्णींच्या 'इस्किलार'पर्यंत मराठी वाचक त्या प्रदेशात फिरलेला आहे. पण आज पौराणिक किंवा ऐतिहासिक व्यक्तिरेखेवरच्या कादंबरीला वाचक आधीच तयार असतो. कर्ण, कृष्ण, शिवराय यांची ओळख करून द्यावी लागत नाही. याउलट एखाद्या लेखिकेने स्वतःचा भूगोल, स्वतःचे देव आणि स्वतःचे नियम असलेलं जग उभं केलं, तर तिला पहिल्या पानापासून वाचकाचा विश्वास कमवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, पानं लागतात, बहुधा एकाहून अधिक खंड लागतात. पहिला खंड खपला नाही तर दुसरा निघतच नाही आणि ते जग अर्धवट राहून जातं. इंग्रजीतल्या जादूच्या शाळा आणि अंगठ्यांच्या लढाया मराठीत अनुवादित होऊन आल्या, आपल्या मुलांनी त्या आवडीने वाचल्या. याचा अर्थ भूक आहे. ती भागवायला सह्याद्रीच्या घाटातलं किंवा गोदावरीच्या खोऱ्यातलं स्वतंत्र अद्भुत कुणी लिहू लागलं, तर आपण त्याच्या दुसऱ्या खंडापर्यंत टिकायला हवं.

आता पैशांचं बोलू, कारण आपल्याकडे ते बोलायचं टाळलं जातं. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, हल्ली बऱ्याचदा पाचशेची. पुस्तकाची किंमत 300 रुपये आणि लेखकाचा वाटा 10 टक्के धरा. हजारच्या हजार प्रती विकल्या गेल्या तर लेखकाला 30 हजार रुपये मिळतात, आणि त्या विकल्या जायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. दिवाळी अंकांतलं मानधन पुष्कळदा नाममात्र असतं, काही ठिकाणी तेही नसतं. विज्ञानकथेला तर अभ्यास लागतो. एका कथेसाठी दोन-तीन महिने वाचावं लागतं, तज्ज्ञांना विचारावं लागतं, गणित तपासावं लागतं. हे सगळं नोकरी-संसार सांभाळून करणाऱ्या माणसाला पहिल्या पुस्तकानंतर एकही पत्र, एकही परीक्षण, एकही मागणी आली नाही, तर तो दुसऱ्या पुस्तकाऐवजी मालिकेचे संवाद लिहायला जातो. त्याला दोष देता येणार नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक होते. यांतल्या फक्त तीन हजारांनी वर्षाला या प्रकारातलं एक नवं पुस्तक विकत घ्यायचं ठरवलं, तरी निम्म्या मोठ्या, निम्म्या लहान अशा चार आवृत्त्या संपतील. मी मागतो आहे ते इतकंच छोटं आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप दर्जाचा. 'मराठीत चांगलं असेल तर वाचूच की. इंग्रजीत इतकं उत्तम उपलब्ध असताना कच्चं का वाचावं?' आक्षेप प्रामाणिक आहे. मराठीत कच्च्या विज्ञानकथा आहेत. वेडा शास्त्रज्ञ, बिघडलेला यंत्रमानव आणि शेवटी 'ते स्वप्न होतं' अशा कथा मीही पुष्कळ वाचल्या आहेत. धारपांसारख्या लोकप्रिय लेखकानेही बऱ्याचदा परदेशी कथाबीजांवर लिहिलं. पण इंग्रजीतलं उत्तम कशातून वर आलं, हेही पाहायला हवं. तिथे स्वस्त मासिकांतून दशकानुदशकं हजारो सामान्य कथा छापल्या गेल्या, वाचकांनी त्या विकत घेतल्या, त्यांवर भांडले, संपादकांना खरमरीत पत्रं लिहिली. विज्ञानकथेसाठी 1953 पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार आजही वाचकच ठरवतात. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचं सदस्यत्व पैसे भरून घ्यायचं आणि मत द्यायचं. आपल्यापर्यंत पोचतात ते गाळून उरलेले मोजके लेखक. गाळण्याआधीचा तो प्रचंड ढीग कुणीतरी पोसला होता.

इंग्रजीला श्रीमंत बाजारपेठ आहे असं कुणी म्हणेल, म्हणून चीनचं उदाहरण देतो. 1979 साली छंगदू शहरात विज्ञानकथेचं एक मासिक सुरू झालं. पुढे ते 'सायन्स फिक्शन वर्ल्ड' या नावाने ओळखलं गेलं. 1983 च्या सुमाराला सरकारी मोहिमेत विज्ञानकथेवर 'वैचारिक प्रदूषणा'चा ठपका आला आणि बहुतेक मासिकं बंद पडली. हे टिकलं. 1986 पासून त्याने स्वतःचा पुरस्कार सुरू केला आणि नव्या लेखकांना छापत राहिलं. शान्सी प्रांतातल्या एका वीजकेंद्रात अभियंता असलेले ल्यू त्सशिन हे त्यांपैकी एक. 2006 मध्ये त्यांची कादंबरी याच मासिकातून क्रमशः आली, 2014 मध्ये इंग्रजीत गेली आणि 2015 मध्ये तिला ह्यूगो मिळाला. 2023 मध्ये जागतिक संमेलनच छंगदूला भरलं. मासिकाची सुरुवात आणि तो पुरस्कार यांत 36 वर्षांचं अंतर आहे. ती 36 वर्षं वाचकांनी भरून काढली. आपल्याकडे बंगालीत 1963 साली अद्रीश बर्धन यांनी 'आश्चर्य' हे विज्ञानकथेला वाहिलेलं मासिक काढलं होतं आणि सत्यजित राय त्या चळवळीच्या पाठीशी होते. असं मासिक मराठीत आज का नसावं, हे मला खरोखर कळत नाही. वर्गणी भरायला मी पहिल्या दिवशी तयार आहे.

उशिरा आलेल्या कौतुकाचं काय होतं, तेही पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर मिळेल ती कामं करत, पहाटे दोन वाजता उठून लिहीत. त्यांची 1993 सालची कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आली 2020 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 14 वर्षांनी. आपल्याकडे धारप 2008 मध्ये गेले. 2018 मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट आला तेव्हा त्यामागे धारपांची एक कथा आहे हे कळून नवी पिढी त्यांची पुस्तकं शोधू लागली. ती कथा दिग्दर्शकापर्यंत पोचली होती एका मित्राच्या तोंडून. एका वाचकाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट पंचवीस वर्षांनी सिनेमा होते, हे वाचकाचं सामर्थ्य. पण ते बघायला लेखक नव्हता.

आधार म्हणजे कौतुक, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. मराठी विज्ञानकथेला कौतुकापेक्षा कठोर वाचकाची जास्त गरज आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कविता-कादंबऱ्यांची परीक्षणं येतात, विज्ञानकथासंग्रहाला फार तर चार ओळींची पोच मिळते. समीक्षकाला विज्ञान परकं वाटतं आणि वैज्ञानिकाला समीक्षा. ही पोकळी तुम्ही-आम्ही भरू शकतो. मराठी वाचकांत अभियंते, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ, शेतीशास्त्रज्ञ किती आहेत! कथेतल्या यानाचा वेग चुकला असेल तर तसं लिहा. स्त्री-पात्र फक्त शास्त्रज्ञाला चहा देण्यापुरतं असेल तर तेही लिहा. कल्पना दांडगी पण माणसं पुठ्ठ्याची, असं वाटलं तर स्पष्ट सांगा. कुणीतरी इतक्या बारकाईने वाचलं, हे कळलेला लेखक पुढची कथा वेगळी लिहितो. ज्याला फक्त 'छान, लिहीत राहा' मिळतं, तो आहे तिथेच राहतो.

आणि फुकट पीडीएफ पाठवणं थांबवा. व्हॉट्सॲपच्या गटांत आणि टेलिग्रामवर मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती 'वाचनसंस्कृती वाढावी' या हेतूने फिरतात. पाठवणाऱ्याचा भाव चांगला असतो. पण पाचशेच्या आवृत्तीत दोनशे वाचक फुकटात गेले तर दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि विज्ञानकथेचा वाचक तंत्रज्ञानाशी जास्त जवळचा असल्यामुळे हा घाव या लेखकांवर अधिक बसतो. पैसे नसतील तर वाचनालय आहे. तिथून वाचलेल्या पुस्तकाचाही लेखकाला उपयोग होतो, कारण ते पुस्तक कुणीतरी विकत घेतलेलं असतं.

वाचनालयांचा विषय निघालाच आहे तर, माझ्या मते सगळ्यात जास्त परिणाम तिथे होऊ शकतो. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालयं अनुदानावर चालतात आणि त्या अनुदानातून त्यांना दरवर्षी पुस्तकं घ्यावी लागतात. कोणती घ्यायची हे ठरवणाऱ्या समितीपुढे वितरकाची यादी असते, वाचकाची मागणी बहुधा नसते. तुमच्या गावच्या वाचनालयात जा, मागणीची वही असेल तर तिच्यात लिहा, नसेल तर ग्रंथपालांना चिठ्ठी द्या. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि 'हे मोठ्यांच्या विभागात ठेवावं' अशी विनंती. शंभर गावांत शंभर वाचकांनी हे केलं तर एका नव्या लेखकाच्या पाचशेच्या आवृत्तीतला पाचवा हिस्सा तिथेच खपतो. अमेरिकेत, युरोपात, आखातात राहणाऱ्या मराठी वाचकांनी ई-पुस्तकं घ्यावीत आणि तिथल्या मंडळांच्या अधिवेशनांत गायक-नटांबरोबर एखाद्या विज्ञानकथाकारालाही बोलवावं. श्रोत्यांत निम्मे लोक तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातले असतात, चर्चा रंगेल.

दिवाळी अंक घेताना मुखपृष्ठापेक्षा अनुक्रमणिका आधी पाहा. 'धनंजय'सारखे काही अंक वर्षानुवर्षं विज्ञानकथांना जागा देत आले आहेत, इतरही देतात. ज्याचं नाव कधी ऐकलेलं नाही अशा लेखकाची एक कथा तरी पूर्ण वाचा आणि आवडो न आवडो, कारणासहित चार ओळी संपादकांना पाठवा. पुढच्या वर्षी कोणत्या प्रकाराला किती पानं द्यायची हे ठरवताना संपादक अशी पत्रं पाहतात, आणि लेखकाचा पत्ता त्यांच्याकडे असतो. तुमचं पत्र ते पुढे पाठवतील.